औषध कधी सुटावं? छापील औषधयंत्रांमागचा इतिहास

१९५२ साली स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीने ‘स्पॅनस्यूल’ नावाची कॅप्सूल बाजारात आणली. आत शेकडो बारीक दाणे आणि त्यांवर कमीजास्त जाडीची आवरणं. पातळ आवरणाचे दाणे आधी विरघळायचे, जाड आवरणाचे काही तासांनी. पुढे १९७९ मध्ये कानामागे चिकटवायचा स्कोपोलामिनचा पॅच अमेरिकेत मंजूर झाला. प्रवासात मळमळू नये म्हणून तो तीन दिवस त्वचेतून औषध देत राहायचा. औषध सुटण्याचा वेग दोन्हींत कारखान्यातच ठरलेला असे. रुग्णाची स्थिती मध्येच बदलली, तरी त्या औषधाला त्याचा पत्ताच नसे. स्मार्ट औषधयंत्रांचा, म्हणजे गरजेनुसार किंवा आज्ञेनुसार औषध सोडणाऱ्या यंत्रांचा, सगळा इतिहास मला या एका उणिवेभोवती फिरताना दिसतो.

थरावर थर चढवून वस्तू घडवण्याचं तंत्र, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग, तेव्हा औषधांपासून फार दूर होतं. चक हल यांना प्रकाशाने राळ घट्ट करणाऱ्या स्टिरिओलिथोग्राफीचं पेटंट १९८६ साली मिळालं. औषधांच्या कामी आली ती मात्र दुसरी शाखा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या इमॅन्युएल सॅक्स, मायकेल सिमा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेली ही पद्धत अशी: भुकटीचा पातळ थर पसरायचा, इंकजेट प्रिंटरसारख्या तोटीतून हवं तिथेच बंधक द्रवाचे थेंब टाकायचे, वर पुन्हा भुकटी. एरवीची गोळी यंत्रात दाबून घट्ट करतात. इथे दाब नाहीच, त्यामुळे गोळी आतून सच्छिद्र राहते आणि पाणी क्षणात आत शिरतं. याच तंत्राने बनलेल्या अप्रेशिया कंपनीच्या ‘स्प्रिटम’ या अपस्मारावरच्या गोळीला २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजुरी दिली. थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेलं हे पहिलंच मंजूर औषध. एका गोळीत लेव्हेटिरासेटाम हे औषध १००० मिलिग्रॅमपर्यंत, तरी घोटभर पाण्यासोबत ती काही सेकंदांत विरघळते. ज्यांना मोठी गोळी गिळता येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पेटंटच्या अर्जापासून इथवर यायला २६ वर्षं लागली.

छापील इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणजे शाईने छापलेल्या सर्किटांची, गोष्ट सांगताना बहुतेक जण वीजवाहक प्लास्टिकपासून सुरुवात करतात: १९७७ चं पॉलिॲसिटिलीनवरचं काम आणि त्यासाठी हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना २००० साली मिळालेलं रसायनशास्त्राचं नोबेल. ते योग्यच आहे. पण औषधयंत्रांची खरी पूर्वज मी रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्टीला मानतो. १९८७ च्या सुमारास पेनाएवढा ‘एक्झॅकटेक’ मीटर आला, त्याच्या पट्टीवरचे इलेक्ट्रोड (वीज वाहून नेणाऱ्या रेघा) स्क्रीन प्रिंटिंगने छापलेले होते. अशी पट्टी उजेडात धरली की काळसर रेघा दिसतात. ती कार्बनची शाई. टोकाशी एन्झाइमचा थर असतो. रक्ताचा थेंब पडला की एन्झाइम ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेतं, फेरोसीनचं संयुग ते कार्बनपर्यंत पोचवतं आणि तो प्रवाह मीटर मोजतो. कापडावर नक्षी छापायची जुनी रीत इथे शरीराची खबर देऊ लागली.

खबर मिळाली, तरी औषध सोडणारा हात अजून नव्हता. तो १९९९ मध्ये दिसला. जॉन सँटिनी, रॉबर्ट लँगर आणि पुन्हा तेच मायकेल सिमा यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक सिलिकॉन चिप मांडली. तिच्यात ३४ इवले कप्पे होते आणि प्रत्येकावर सोन्याचा पातळ पडदा. क्षार असलेल्या द्रावणात साधारण एक व्होल्टचा दाब दिला की तेवढाच पडदा विरघळायचा आणि तेवढंच औषध बाहेर यायचं. याच कल्पनेची पुढची आवृत्ती डेन्मार्कमध्ये अस्थिसुषिरता (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) असलेल्या महिलांच्या त्वचेखाली बसवली गेली. रोजच्या टोचणीऐवजी बिनतारी आज्ञेने टेरिपॅराटाइड हे हाडांसाठीचं औषध सुटलं. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. यंत्राभोवती शरीराने ऊतींचं कवच तयार केलं होतं, तरी औषध रक्तात पोचण्यात त्याची आडकाठी झाली नाही.

पण सिलिकॉन कडक, आणि त्याचं काम महागड्या, धूळमुक्त स्वच्छकक्षातलं. वाकणारं, स्वस्त, रुग्णाच्या मापाचं यंत्र हवं म्हणून संशोधक छपाईकडे वळले. डिसेंबर २०१८ मध्ये एमआयटीतून आलेलं जठरात राहणारं यंत्र त्यातलं मला सर्वांत बोलकं वाटतं. कडक आणि लवचीक पदार्थ थ्रीडी प्रिंटरने एकत्र छापलेले, कॅप्सूलमध्ये घडी करून ठेवलेले. जठरात गेल्यावर ते इंग्रजी ‘वाय’सारखं उलगडतं, त्यामुळे पुढे आतड्यात निसटत नाही. एका बाहूत औषधाचे कप्पे, आज्ञा ब्लूटूथवरून. डुकरांवरच्या प्रयोगात ते महिनाभर टिकलं. आतलं सर्किट मात्र वेगळं बनवून बसवलेलं होतं.

आकार आणि सर्किट एकाच छपाईत का होत नाहीत, याचं एक मोठं कारण उष्णता आहे. चांदीच्या बऱ्याच शाया छापल्यावर तापवाव्या लागतात, तेव्हा कुठे कण एकमेकांना जुळून वीज वाहते. त्यासाठी अनेकदा १०० अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं आणि इन्सुलिनसारखी प्रथिनं त्याच्या कितीतरी खाली बिघडतात. म्हणून प्रकाशाच्या क्षणिक झोताने किंवा रसायनाने कमी तापमानात जुळणाऱ्या शायांवर काम चालू आहे. तोवर आधी सर्किट छापून भाजायचं, थंड होऊ द्यायचं आणि औषध शेवटी भरायचं, हाच क्रम पाळावा लागतो.