चकचकीत झिंकचा 12.9 बोल्ट सगळ्यात भक्कम?

8.8, 12.9 हे बोल्टच्या ताकदीचे दर्जे; आकडा मोठा, तितकं पोलाद कडक. वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं ऐकतोय: "8.8 चा बोल्ट काढा, 12.9 चा घाला, वरून झिंक मारून घ्या. गंज नाही, काळजी नाही." हे खरं नाही, आणि जिवावर बेतू शकतं.

झिंक चढवण्याआधी बोल्ट ॲसिडमध्ये धुतात, मग प्लेटिंगच्या, म्हणजे विजेने झिंकचा थर चढवायच्या, टाकीत सोडतात. दोन्हीकडे हायड्रोजन सुटतो. त्याचे अणू इतके लहान की पोलादात सहज शिरतात. मऊ पोलाद हे पचवतं; 12.9 सारखं कडक पोलाद आतून ठिसूळ होतं. बोल्ट आवळताना काहीच होत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हातही न लावता, डोकं ताडकन उडू शकतं. तुटलेला तुकडा हातात घेऊन बघा: ओढ खाल्ल्याची खूण नाही, मान बारीक झालेली नाही, नुसता दाणेदार चेहरा.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिज या पुलावर 3 इंच जाडीचे झिंक चढवलेले 96 रॉड मार्च 2013 मध्ये ताणले. थोड्याच दिवसांत 32 तुटले. कारण हायड्रोजनच. त्याआधी काही वर्षं ते पाणी साचलेल्या भोकांत उभे होते. म्हणजे हायड्रोजन नंतर, गंजण्यातूनही शिरतो.

प्लेटिंग करायचंच असेल तर लगेच 200 अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत कित्येक तास भाजून घ्या, म्हणजे शिरलेला हायड्रोजन बाहेर पडतो. माझं मत विचाराल तर 12.9 ला ॲसिड आणि प्लेटिंग नकोच. झिंक फ्लेकचा, म्हणजे झिंकच्या बारीक चपट्या कणांचा, लेप द्या. आणि जिथे 8.8 पुरतो, तिथे 8.8 च घाला.