बर्फात अनवाणी

इंग्लंडमध्ये डर्बिशायरला चॅट्सवर्थ नावाची डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याची जुनी हवेली आहे. भोवती अठराव्या शतकात केपेबिलिटी ब्राउन या उद्यानकाराने आखलेली मोकळी कुरणं आणि झाडी, मधून वाहणारी डर्वेंट नदी. हिवाळ्यात इथे बर्फ पडला की माणसं रबरी बूट, जाड मोजे, कानटोपी असा सगळा जामानिमा करून कुत्र्यांना फिरवायला बाहेर पडतात. दहा मिनिटांत माणसांची बोटं बधिर होतात. शेजारी लॅब्रेडॉर मात्र चारी पाय उघडे टाकून तासभर मजेत चालतो.

केसांचं कौतुक इथे कामाचं नाही, कारण पंजाच्या गादीवर केस नसतातच. तिथे जाड, खरखरीत कातडी आणि खाली चरबी असते. खरी करामत आहे ती गादीतल्या रक्तवाहिन्यांची. जपानमधले हिरोयोशी निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या पंजातल्या रक्तवाहिन्यांचे साचे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की गादीकडे जाणाऱ्या धमन्यांना बारीक शिरांचं जाळं अगदी बिलगून असतं. शरीरातून खाली येणारं रक्त गरम, बर्फाला टेकून वर निघालेलं रक्त गार. दोन्ही एकमेकांना घासून उलट दिशांनी वाहतात आणि वाटेतच उष्णतेची देवाणघेवाण होते. घाटात समोरासमोर आलेल्या दोन एसटी गाड्यांच्या चालकांनी खिडकीतून डबा इकडचा तिकडे द्यावा, तसं. गादीपर्यंत पोचणाऱ्या रक्तात फारशी ऊब उरत नाही, त्यामुळे बर्फाला द्यायलाही फारशी नसते. आणि परतणारं रक्त तापून वर जातं, म्हणून पोट-छाती गार पडत नाही.

म्हणजे कुत्र्याचे पाय थंडीत गरम राहतात असं नव्हे. ते थंडच पडतात, फक्त गोठत नाहीत. हे किती ताणता येतं ते १९७२ सालच्या एका प्रयोगात दिसलं. ध्रुवीय कोल्हा आणि लांडगा यांचे पंजे उणे ३५ अंशांच्या द्रवात बुडवले, तरी गादीचं तापमान उणे १ अंशाच्या आसपास, म्हणजे ऊती गोठण्याच्या किंचित वर टिकून राहिलं. गोठायची वेळ आली की तेवढ्यापुरता रक्ताचा ओघ वाढतो आणि धोका टळला की आखडतो. शरीर इतकं काटकसरी असू शकतं, हे मला तरी पायाच्या बुटापेक्षा जास्त शोभिवंत वाटतं.

नाकाचंही तसंच. हवा ० अंशावर असताना कुत्र्याच्या नाकाचा ओला शेंडा साधारण ८ अंशांवर असतो. तो थंड का, याचं एक संभाव्य उत्तर स्वीडन आणि हंगेरीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दिलं: शिकवलेल्या तीन कुत्र्यांना १.६ मीटरवरच्या, किंचितच कोमट वस्तूची ऊब नाकाने जाणवली. गार नाकावर बारीकशी ऊबही उठून दिसते.

ही व्यवस्था सगळ्यांना सारखी पुरत नाही, हे सांगायला हवं. ग्रेहाउंडसारखा आखूड केसांचा, सडपातळ कुत्रा किंवा लहानसं पिल्लू लवकर गारठतं. त्यांना कोट घालणं हे लाड नव्हेत. आणि स्पॅनिअलचं दुखणं तर वेगळंच. त्याच्या बोटांमधल्या लांब केसांवर बर्फ चिकटतो, अंगाच्या उबेने थोडा वितळतो, पुन्हा थिजतो. हरभऱ्याएवढे कडक मणी तयार होतात, बोटं फाकतात, कुत्रा लंगडू लागतो आणि मध्येच बसून पंजा चावत राहतो. तिथले केस आधीच कापून ठेवायचे, घरी आल्यावर कोमट पाण्यात पाय धुवायचे. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठही त्यातच निघून जातं. नाहीतर ते चाटून पोट बिघडतं.

आता पट्ट्याचा प्रश्न. चॅट्सवर्थच्या कुरणात तांबडी आणि फॅलो अशा दोन जातींची हरणं मोकळी चरतात, म्हणून कुत्रा पट्ट्यावरच हवा. २०११ मध्ये लंडनच्या रिचमंड पार्कात फेंटन नावाच्या लॅब्रेडॉरने हरणांचा अख्खा कळप पळवला, आणि मागून ओरडत धावणाऱ्या मालकाचा व्हिडिओ जगभर हसत पाहिला गेला. मलाही हसू आलं होतं.

पण हिवाळ्यात हरणाचा हिशेब काटेकोर असतो. व्हिएन्नाच्या वाल्टर आर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तांबड्या हरणांवर उपकरणं बसवून दाखवलं, की कडाक्याच्या रात्री ती हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराचा बाहेरचा भाग गार पडू देतात. छातीवरच्या कातडीखाली तापमान १५ अंशांपर्यंत उतरलेलं नोंदलं गेलं. कुत्रा पंजापुरतं जे करतो, ते हरीण अर्ध्या अंगाने करतं. झाडाखाली दगडासारखी उभी असलेली हरणं आळशी नसतात, ती चरबी वाचवत असतात. त्यात नरांची स्थिती आधीच नाजूक: सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजाच्या दिवसांत ते खाणं जवळजवळ सोडतात आणि वजनाचा पाचवा हिस्साही गमावू शकतात. पाठलागात कुत्र्याची खर्च झालेली ताकद संध्याकाळी वाडग्यातून भरून निघते. नराला मात्र उरलेल्या चरबीवर वसंतातलं गवत फुटेपर्यंत निभवायचं असतं.