पार्श्वभूमी: शेजारच्या देशांतली बांधकामं आणि पद्मा पुलाचं कर्ज

बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या निविदा भारतीय कंत्राटदाराला कागदावर सारख्याच दिसतात. एल-वनचा, म्हणजे सर्वात कमी बोलीचा, हिशेब तोच, बँक गॅरंटी तीच. पैसा कोणाचा, इथे मात्र वाटा फुटतात, आणि त्या कळायला जून 2012 गाठावा लागतो.

बांगलादेशातल्या जमुना नदीवरचा 4.8 किलोमीटरचा पूल 1998 मध्ये खुला झाला, तो मुख्यतः परदेशी कर्जदात्यांच्या पैशावर आणि त्यांच्याच नियमांनी. पद्मा पूलही तसाच होणार होता. पण देखरेखीचा सल्लागार नेमताना लाचेचा कट शिजल्याचा आरोप करत मुख्य कर्जदात्याने, म्हणजे जागतिक बँकेने, जून 2012 मध्ये 1.2 अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. तोवर या कर्जातला पैसाही सुटला नव्हता! ढाक्याने मग स्वतःच्या तिजोरीतून पूल बांधायचं ठरवलं. सल्लागाराच्या कामासाठी बोली लावणारी कंपनी कॅनडाची, म्हणून खटला तिथे चालला, आणि 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाने आरोपींना सोडलं. फोन टॅपिंगचा पुरावा बाद झाल्यावर खटल्यात काही उरलंच नव्हतं. त्यामुळे 'निर्दोष ठरलो' हा ढाक्याचा दावा जरा ताणलेला आहे. तरी खटला उभा राहायच्या आत कर्ज मोडणं ही घाईच होती. 2007 मध्ये 10,161 कोटी टाक्यांचा असलेला अंदाज 30,193 कोटींवर गेला. त्यात नंतर जोडलेला रेल्वेमार्ग, भूसंपादन आणि घसरलेला टाका यांचाही वाटा आहे. 6.15 किलोमीटरचा पूल जून 2022 मध्ये खुला झाला. मुख्य काम चिनी कंपनीचं, आणि जोडरेल्वे तर चिनी कर्जावरच. अशा कर्जात कंत्राटदारही कर्ज देणाऱ्याच्याच देशाचा असतो. भारताची कर्जंही याला अपवाद नाहीत.

दरांची तुलना करताना मालही पाहावा लागतो. बांगलादेशात दगड जवळपास नाहीच. ढाक्यात रस्त्याकडेला बायका हातोड्याने विटा फोडत बसलेल्या दिसतात, आणि तोच चुरा खडी म्हणून काँक्रीटमध्ये जातो. बहुतेक सिमेंटही आयात क्लिंकर, म्हणजे सिमेंटचे भाजलेले खडे, दळून होतं. याउलट नेपाळने 2022 मध्ये भारतात सिमेंट पाठवायला सुरुवात केली. तिथली अडचण वेगळी. काठमांडूला पाणी आणणाऱ्या मेलम्चीच्या बोगद्याचं काम इटालियन कंत्राटदाराने 2018 च्या शेवटी अर्धवट सोडलं. श्रीलंकेने एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जफेड थांबवली आणि तिथली परदेशी कर्जावरची अनेक कामं जिथल्या तिथे अडकली.

ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यातलं सरकार कोसळलं, तेव्हा बांगलादेशातल्या आशुगंज–आखाउडा रस्त्याच्या कामावरचे भारतीय कर्मचारी मायदेशी परतले. ते काम भारतीय कर्जावरचं होतं. काही काळ ते बंदच राहिलं.