जूनमधलं मराठीचं पुस्तक मार्चपर्यंत कुठे जातं?

सुट्टी लागल्या लागल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक स्कीम आली, मुलांनी पुस्तक वाचलं की पुस्तकामागे ५० रुपये. धडाधड अंगठे पडले. मला मात्र आमचा जून आठवला. खाकी कव्हरं घालता घालता बालभारतीचं मराठीचं पुस्तक शाळा सुरू व्हायच्या आधीच वाचून संपायचं, पार शेवटच्या धड्यापर्यंत (कविता सोडून, खोटं कशाला बोला). आणि तेच पुस्तक मार्चमध्ये उघडायचं जिवावर यायचं. धडे तेच, वाचणारा तोच, मग मधे झालं काय?

यावर एक प्रयोग आहे जो मला भयंकर आवडतो. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नर्सरीतली ५१ मुलं घेतली, वय ३ ते ५, सगळी मुळातच स्केचपेननं चित्रं काढायला आवडणारी. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला काही बोलले नाहीत, पण शेवटी तेच सर्टिफिकेट हातात ठेवलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसती स्केचपेनं ठेवली, बक्षिसाचं नावही नाही, आणि काचेआडून बघत बसले. काहीच न मिळालेल्यांनी साधारण १७ टक्के वेळ चित्रात घालवला, अचानक मिळालेल्यांनी १८, आणि आधी कबूल केलेल्यांनी जेमतेम ९!

आता नीट बघा, सर्टिफिकेट दुसऱ्या गटालाही मिळालं होतं. म्हणजे घोटाळा बक्षिसात नाही, 'हे केलंस तर ते देईन' या सौद्यात आहे. डॅरिल बेम नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की आतला कौल धूसर असला की आपण स्वतःकडेही शेजाऱ्यासारखं बाहेरून बघतो आणि अंदाज बांधतो, हा चित्र काढतोय, कोणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणजे आवडत असणार. पण समोर बक्षीस दिसलं की कारण आयतं सापडतं आणि आवडीच्या खात्यातून तेवढं वजा होतं. 'हा प्रश्न परीक्षेला येतो, अंडरलाइन करा' म्हटल्यावर धड्याचं हेच होतं.

प्रयोग चित्रांवरचा होता, वाचनावरचा नाही, आणि ज्याला मुळात आवडच नाही त्याचं कमी काय होणार म्हणा. पण १९९९ मध्ये डेसी, केस्टनर आणि रायन यांनी १२८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही आधी कबूल केलेल्या बक्षिसांबद्दल असंच निघालं. तोंडी शाबासकीनं मात्र तसं नुकसान दिसलं नाही.

आणि आवड गेली की पुढचं गणितच फिरतं. अमेरिकेत पाचवीच्या मुलांच्या शाळेबाहेरच्या वाचनाचा एक अभ्यास १९८८ मध्ये आला, त्यात अगदी मधल्या मुलाचं पुस्तकवाचन दिवसाला ४.६ मिनिटं, वर्षाला २ लाख ८२ हजार शब्द, तर ९०व्या पर्सेंटाइलवाल्याचं २१ मिनिटं, १८ लाख शब्द. जास्त वाचलं की शब्द जास्त, शब्द जास्त की वाचणं सोपं, सोपं की आणखी वाचणं. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये याला मॅथ्यू परिणाम म्हटलं, बायबलमधल्या मॅथ्यूच्या वचनावरून, ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं.

या चक्राला शॉर्टकट नाही. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनवाले क्लास तर सोडाच, नाकाशेजारच्या फटीतून दिसतं हो, ती फट कणकेनं बुजवा आणि मग वाचायला सांगा!

आपल्याकडे दहावीच्या कुमारभारतीत 'स्थूलवाचन' आहे, म्हणजे मूळ कल्पना अशी की सहज वाचा, खोलात जाऊ नका. त्यालाही कृतिपत्रिकेत ६ मार्क आहेत.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच टाकलं, पैसे द्यायचे तर द्या पण आधी सांगू नका. लगेच रिप्लाय, "अहो, मग वाचतील कशाला?"