ऑक्टेनची निवड (कौटुंबिक गाडीसाठी)

गाडीच्या इंजिनाला जेवढ्या ऑक्टेन क्रमांकाचे पेट्रोल लागते तेवढ्याचे पेट्रोल भरणे, म्हणजे ऑक्टेनची निवड. पुण्यात हा निर्णय बहुधा पंपावर, मागची गाडी हॉर्न वाजवत असताना घेतला जातो: ‘साधं टाकू की पॉवर?’ उत्तर मात्र पंपावर नसते. ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते, आणि पुष्कळ गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागे स्टिकरवरही छापलेले असते.

ऑक्टेन क्रमांक पेट्रोलची ताकद सांगत नाही. मोठ्या आकड्याच्या लिटरभर पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा असते असे नाही. पेट्रोल किती दाब आणि उष्णता सोसून ठिणगीची वाट पाहते, एवढेच हा आकडा सांगतो. इंजिनात दट्ट्या (पिस्टन) हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबतो, ठिणगी पडते आणि ज्वाला एका बाजूने पसरत जाते. ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आपणहून पेटले, तर आत धक्का बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो आणि गॅरेजमध्ये ‘इंजिन ठोकतंय’ असे सांगितले जाते. हे दीर्घकाळ चालले तर दट्ट्याला आणि इंजिनाचे जोड घट्ट बंद ठेवणाऱ्या हेड गॅस्केटला इजा होते.

आकड्याची मोजपट्टी १९२०च्या दशकात ठरली. सहज ठोकणाऱ्या नॉर्मल हेप्टेन या द्रवाला ० आणि न ठोकणाऱ्या आयसोऑक्टेन या द्रवाला १०० धरले गेले. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ज्यात ९१ टक्के आयसोऑक्टेन व ९ टक्के हेप्टेन आहे अशा मिश्रणाइतकेच ठोकणारे पेट्रोल. चाचणीही ठरलेल्या एका इंजिनावर होते. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजला जातो तो रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे आरओएन. ९०० फेऱ्यांवर, अधिक तापलेल्या मिश्रणाने मोजला जातो तो मोटर ऑक्टेन नंबर. भारतात पंपावरचा आकडा आरओएन असतो, अमेरिकेत दोन्हींची सरासरी लावतात. त्यामुळे तिकडून सुट्टीला आलेला भाचा ‘आमच्याकडे ८७च चालतं’ म्हणाला, तर त्याचे ८७ आपल्या ९१-९२च्या जवळचेच असते, हे त्याला समजावून सांगावे.

ऑक्टेन वाढवण्यासाठी पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. टेट्राएथिल लेड या शिसेयुक्त रसायनाचा हा गुण १९२१मध्ये अमेरिकी अभियंते टॉमस मिजली यांनी शोधला आणि त्यातून कित्येक दशके शहरांच्या हवेत विष मिसळत राहिले. त्याची सर्वांत मोठी किंमत लहान मुलांच्या मेंदूने मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झाले.

भारत स्टेज सहा हे इंधनाचे आणि गाड्यांच्या धुराचे मानक एप्रिल २०२०मध्ये देशभर लागू झाले. त्यात साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ आणि प्रीमियमसाठी ९५ आरओएन ठरले होते. वरच्या टोकाला इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये ‘एक्सपी१००’ हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होते. त्याची किंमत साध्याच्या दीडपटीच्या आसपास असते. घरच्या हॅचबॅकमध्ये ते ओतणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे आहे. नुसत्या ‘प्रीमियम’ नावावरही विसंबू नये. एके काळी बरीच ब्रँडेड पेट्रोले साध्याइतक्याच ऑक्टेनची होती, फरक होता तो इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचा. पंपावर नाव नव्हे, आकडा वाचावा.

दरम्यान साधे पेट्रोलच बदलले आहे, आणि या बदलाशी पुण्याचा थेट संबंध आहे. ५ जून २०२१ रोजी शंभर टक्के इथेनॉल विकण्याच्या पथदर्शी प्रकल्पाचा प्रारंभ पुण्यातल्या तीन पंपांवर झाला. उसाच्या पट्ट्याशेजारच्या शहरासाठी हे स्वाभाविकच होते. इथेनॉलचे ऑक्टेन सुमारे १०८ असल्याने ते मिसळले की पेट्रोलचा आकडा वर जातो. २० टक्के मिश्रणाचे नियमित पेट्रोल आता सुमारे ९५ आरओएनचे असल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५मध्ये सांगितले. म्हणजे ज्या ९५साठी पूर्वी जादा पैसे मोजावे लागत, तो आकडा साध्या नळीतूनच मिळू लागला. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या आराखड्यात, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्क्यांच्या मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता. ऑक्टेन वाढले आणि मायलेज घटले, हे एकाच वेळी खरे असू शकते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसेल का, हा प्रश्नही वेगळा आहे. ऑक्टेनचा आकडा त्याचे उत्तर देत नाही.

गाडीची गरज मुख्यतः इंजिनाच्या दाबगुणोत्तरावर (दट्ट्या मिश्रण किती पट दाबतो त्यावर) आणि टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, आहे की नाही यावर ठरते. पुस्तिकेत ‘किमान ९१’ लिहिले असेल तर साधे पेट्रोल पुरते. ९५ ‘आवश्यक’ असेल तर ९५च भरावे. ९५ची नुसती ‘शिफारस’ असेल तर कमी ऑक्टेनवर गाडी चालते, पण ओझ्याखाली थोडी मंद वाटते. कारण आजच्या गाड्यांतला नॉक सेन्सर ठोका ऐकतो आणि संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण ताकद आणि मायलेज थोडे घटते. सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीला हे संरक्षण नाही, तिथे चालकाचे कानच कामाला येतात.

हे कान घाटात लावावेत. चार माणसे, सामान, एसी चालू, मे महिन्याची दुपार आणि कात्रजचा किंवा सिंहगडाचा चढ, इथे इंजिनाची खरी परीक्षा होते. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की फेऱ्या कमी आणि ओझे जास्त होते आणि ठोका येतो. अशा वेळी आधी गिअर उतरवावा. बहुतेकदा आवाज तिथेच थांबतो आणि पेट्रोल बदलायची गरज उरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ आहे. त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ऑक्टेनची भूक किंचित कमीच होते. टर्बो इंजिन हवा स्वतःच दाबून घेते, म्हणून त्याला ही सवलत फारशी मिळत नाही.

गिअर उतरवूनही आवाज येत राहिला तर पेट्रोलकडे आणि इंजिनात साचलेल्या काजळीकडे पाहावे. विशेषतः नव्या पंपावर टाकी भरल्यावर लगेच ठोका सुरू झाला, तर भेसळीची शंका रास्त आहे, कारण रॉकेल मिसळले की ऑक्टेन घसरते. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, तो संकोच न करता वापरावा. घनतेवरून ऑक्टेन कळत नाही, पण मोजलेली घनता पंपाच्या फलकावर लिहिलेल्या घनतेच्या आकड्याशी जुळत नसेल तर काहीतरी बिघडले आहे एवढे नक्की कळते. अशा वेळी पावती जपून ठेवावी आणि पुढची टाकी दुसऱ्या पंपावर भरून आवाज जातो का ते पाहावे.