मध्यस्थी आणि पुनर्स्थापक न्याय: 'मिटवलं' या शब्दाआडचे दोन मार्ग

खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात भांडण पंच कमिटीपुढे जाऊन निकाली निघाले, की लोक एवढेच सांगतात, "पंचांनी मिटवलं." या एका शब्दात मध्यस्थी आणि पुनर्स्थापक न्याय (म्हणजे नुकसान करणाऱ्याने ते कबूल करून भरून देणे) अशा दोन वेगळ्या गोष्टी मिसळून जातात, आणि गावपातळीवर असा उपक्रम उभा करू पाहणाऱ्यांची पहिली गफलत इथेच होते. दोन्हींत माणसे स्वखुशीने बसतात, तिऱ्हाईत माणूस बोलणे पुढे नेतो आणि निकाल लादला जात नाही, साम्य इथपर्यंतच.

बांधाचा वाद घ्या. पावसात बांध ढासळतो, नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टर हातभर आत जातो आणि दोन चुलतभावांचे बोलणे बंद होते. इथे कोणी गुन्हेगार नसतो, दोघांचेही म्हणणे सारख्याच तोलाचे असते आणि दोघांना पटेल असा तोडगा काढायचा असतो. ही मध्यस्थी. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात परिसराची शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद असून, तिच्यासाठी दोन्ही पक्षांची आधी संमती आणि तीन मध्यस्थांचे मंडळ लागते. मात्र तिच्यातून झालेला करार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही.

आता समजा, गावातल्याच दोन तरुणांनी विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून तांबे विकले आणि ऐन उन्हाळ्यात शेतकऱ्याचा ऊस वाळला. इथे "दोघांनीही थोडे मागे सरा" असे सांगणे हा मला त्या शेतकऱ्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय वाटतो. पुनर्स्थापक न्यायाची सुरुवात कबुलीपासून होते: नुकसान कोणाचे झाले, त्याला काय हवे आहे आणि ते भरून देणे कोणाच्या अंगावर आहे? कॅनडातील एल्मायरा गावात २२ ठिकाणी नासधूस केलेल्या दोन तरुणांना १९७४ साली नुकसान सोसलेल्यांच्या दारात नेऊन भेटवण्यात आले, ते या पद्धतीचे सुरुवातीचे आधुनिक उदाहरण मानले जाते. केबलचे पैसे देणे त्यामानाने सोपे. वाळलेल्या सरीत उभे राहून त्या शेतकऱ्याचे बोलणे खाली मानेने ऐकणे अवघड, आणि खरे काम तिथेच होते. कबुली नसेल तर अशी बैठक बोलावूच नये. शिवाय कोणते गुन्हे तडजोडीने मिटू शकतात हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३५९ मध्ये ठरलेले आहे. त्यापलीकडचा गुन्हा पंचांनी दाबून टाकणे म्हणजे न्याय नव्हे. घरात मार खाणाऱ्या बाईला नवऱ्यासमोर बसवून "समजुतीने घ्या" म्हणणे तर दोन्हींपैकी कशातच बसत नाही.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मराठीत रडून सांगितलेली गोष्ट फक्त कन्नड कागदावर उतरली, तर सांगणाऱ्याला आपण कशावर सही केली हेच कळत नाही. म्हणून मंडळात दोन्ही भाषा येणारे माणूस असावे, आणि कराराचा मराठी मसुदा सहीआधी मोठ्याने वाचून दाखवावा.