थायलंडमध्ये फू-याय-बानची निवड: कोण उभं राहू शकतं, कागदपत्रं काय लागतात

थायलंडची ग्रामीण उतरंड अशी: चांगवात म्हणजे प्रांत, त्याखाली अम्फो, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग, मग तांबोन, म्हणजे काही गावांचा गट, आणि शेवटी मू-बान, म्हणजे गाव. गावाचा प्रमुख फू-याय-बान. रस्ते, पाणी, कचरा ही सरपंचाकडची कामं तिथे बहुतेक ठिकाणी ओ-बो-तो ही तांबोनची निवडून आलेली संस्था बघते. फू-याय-बान त्यापेक्षा आपल्या पोलीस पाटलाच्या जवळचा: गावातली शांतता, सरकारी आदेश घरोघरी पोचवणं, जन्म-मृत्यूची खबर घेणं. मात्र पोलीस पाटील नेमला जातो, फू-याय-बानला गाव मत देऊन निवडतं. या पदाचा पाया 1914 चा कायदा आहे. स्त्रियांना ते 1982 पासून खुलं झालं.

उमेदवार जन्माने थाई हवा, मतदानाच्या दिवशी वय किमान 25 हवं आणि सक्तीच्या शिक्षणाइतकी शाळा झालेली हवी. खरी कसोटी मात्र 'ताबियन बान'ची, म्हणजे घरनोंदणीची. त्याच गावात सलग 2 वर्षं नाव असावं लागतं. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण बँकॉकमधून ऐन वेळी परतलेल्याला त्यामुळे थेट उभं राहता येत नाही. भिक्खू, सरकारी नोकर, ओ-बो-तोचे सदस्य अपात्र. जंगल किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेलेही बाद. जुगाराच्या बाबतीत कायदा अड्डा किंवा डाव चालवणाऱ्यालाच अडवतो, नुसत्या खेळणाऱ्याला नाही.

अर्ज अम्फोच्या कचेरीत द्यायचा, ओ-बो-तोकडे नाही. इथे गल्लत करू नका. सोबत ओळखपत्र, घरनोंदणीची प्रत, शिक्षणाचा दाखला, फोटो आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र ठेवावं. घरनोंदणीतली नाव दाखल झाल्याची तारीख आधीच तपासा, कारण 2 वर्षं त्यावरूनच मोजतात. मतदाराला 3 महिन्यांची नोंद पुरते, वय मात्र त्या वर्षीच्या 1 जानेवारीला 18 पूर्ण हवं.

निवडणूक नाय अम्फो, म्हणजे अम्फोचा प्रमुख अधिकारी, घेतो. पूर्वी मुदत 5 वर्षांची होती. 2008 च्या दुरुस्तीनंतर वयाच्या 60 पर्यंत पदावर राहता येतं, अधूनमधून कामाचं मूल्यमापन होतं. तिसाव्या वर्षी निवडून आलेला माणूस तीस वर्षं खुर्चीवर राहू शकतो, हे मला पटत नाही. त्याआधी गावाला त्याला हटवायचं असेल तर किमान निम्म्या मतदारांनी सह्या करून तशी मागणी करावी लागते.